बेडकीचं मिटलेलं तोंड

दगड मागवताना ओनायस ग्वाटिरिंगांच्या डोळ्यांपुढे एक सुबक मूर्ती होती. प्रत्यक्षात लॉरीतून जे उतरलं ते पाहून त्यांच्या बायकोनं, म्हणजे मुलाच्या नावावरून जिला माय फराय म्हणतात तिनं, पहिला प्रश्न विचारला, "अहो, ह्यात राहायला कोण येणार आहे?"

आयुष्यभर जमीन-नोंदणी कार्यालयात साहेबी केलेल्या माणसाला फाटकात उभं राहून असल्या प्रश्नांची उत्तरं द्यायची सवय नसते. शिवाय त्या वेळी फाटकही जागेवर नव्हतं. लॉरी मागं घेता घेता ड्रायव्हरनं ते काढून ठेवलं होतं आणि जाता जाता शेजारच्या झिंडोगांच्या बाजूची ड्युरावॉलची सिमेंटी भिंतही दोन पट्ट्यांपुरती आडवी केली होती. दगड फळ्यांवरून सरकत उतरला, सहा माणसांच्या हातातून सुटला, वाफ्यातली कोबी चिरडत गेला आणि नेमका ड्रेनेजच्या झाकणावर जाऊन बसला. मग मात्र तो कोणाच्या बापाला हलेना.

"दगडानं आपली जागा निवडली, बाबा," मूर्तिकार नोमॅटर कासेके दगडाला कान लावून म्हणाला. "आता इथंच काम करायचं. मी दगडाला विचारल्याशिवाय काही करत नाही."

हे नोमॅटरचं आवडतं वाक्य होतं. तो दगडाचं ऐकतो असं ओनायस बरेच दिवस समजत होते. तो समोर शेवटी आलेल्या माणसाचं ऐकतो हे त्यांना फार उशिरा कळलं.

कल्पना तशी साधी होती. ओनायसांची आई गावाकडे, गुरुवेच्या पलीकडे राहायची. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, आणि डोक्यातली माणसं एकमेकांच्या जागी जाऊन बसायला लागली होती. मे महिन्यात ओनायस गेले तेव्हा तिनं त्यांचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला आणि विचारलं, "कोण, फिबियन का रे?" फिबियन हा धाकटा भाऊ. बुलावायोला असतो, चार-चार वर्षं फिरकत नाही, आणि ओनायसांच्या मते दिसायला अगदीच सामान्य आहे. ओनायसांना हे लागलं. परतताना रस्त्याकडेला मूर्तिकारांनी मांडलेल्या दगडी प्राण्यांजवळ ते पाय मोकळे करायला उतरले आणि एका कासवाच्या पाठीवरून सहज हात फिरवला. गुळगुळीत, गार पाठ होती. तेव्हा त्यांच्या मनात आलं, आईचे डोळे गेले तरी हात शाबूत आहेत. तिची गोष्ट दगडात घडवून तिच्या हातात दिली तर?

गोष्ट अशी. एका राजाची मुलगी डोहावर पाणी भरायला गेली, वाकून आपल्याच प्रतिबिंबाला हसली, आणि तिचं हसू घरंगळून डोहात पडलं. त्या दिवसापासून मुलगी हसेना. ती हसेना म्हणून राज्यात कोणी हसेना. राजानं दवंडी पिटली. सिंह डोहात उतरला आणि नाक शिंकरत वर आला. ससा उतरला आणि कान पिळत वर आला. वानर उतरलं, तळाशी काहीच नाही म्हणून शपथा घेत वर आलं. शेवटी एक बेडकी उतरली. पुष्कळ वेळ ती आलीच नाही. मग आली, टुणकन उडी मारून मुलीच्या पुढ्यात बसली. तिचे गाल फुगलेले होते आणि तोंड घट्ट मिटलेलं होतं.

इथवर गोष्ट ओनायसांना तोंडपाठ होती. इथून पुढं अक्षर ठाऊक नव्हतं.

ह्यात त्यांचा दोष नव्हता, किंवा असला तर सगळ्याच मुलांचा असतो. आपल्याकडे गोष्ट एकट्यानं सांगता येत नाही. सांगणारीनं एक वाक्य म्हणायचं, ऐकणाऱ्यांनी 'झेपफुंदे' म्हणून हुंकार द्यायचा, मग पुढचं वाक्य. हुंकार थांबला की पोरं झोपली असं समजायचं. मग सांगणारी निखाऱ्यावर राख ओढते, पोरांवर पांघरूण घालते, आणि उरलेली गोष्ट तिच्याजवळच राहते. ओनायस लहानपणी दर हिवाळ्यात ही गोष्ट ऐकत, आणि दर हिवाळ्यात बेडकी वर आली की त्यांचा डोळा लागे.

"मग आईंना फोन करून विचारा की," माय फराय म्हणाली. "त्यात काय एवढं?"

ओनायसांनी सकाळी दहाला फोन लावला.

"गोष्ट? दिवसाढवळ्या?" आई केवढ्यानं ओरडली. "दिवसा गोष्ट सांगून शिंगं फुटावीत म्हणतोस का मला, ह्या वयात?"

"अमाय, मग रात्री करतो फोन."

"रात्री केलास तरी तेच. फोनला कोणी गोष्ट सांगतं का? तो मेला झेपफुंदे म्हणतो का मधे? हिवाळा आहे तोवर ये, चुलीपाशी बस, सांगते. आणि साखर घेऊन ये. कोण बोलतोयस, फिबियन?"

साखरेचं ओनायसांनी लिहून ठेवलं. गोष्टीचं ठरवलं की मूर्ती पुरी झाली की ती घेऊनच जायचं, आईच्या पुढ्यात ठेवायची, त्याच रात्री शेवट ऐकायचा. नोमॅटरला त्यांनी बजावलं, "बाकी सगळं कर, पण बेडकीचं तोंड शेवटी. त्याला हात लावायचा नाही. आत काय आहे ते कळल्याशिवाय ते उघडायचं की मिटलेलं ठेवायचं ते सांगता येत नाही."

"बरोबर, बाबा," नोमॅटर म्हणाला. "दगडाचं तोंड एकदा उघडलं की परत मिटता येत नाही."

ठोकाठोकी सुरू झाली. पडलेल्या भिंतीमुळे शेजारच्या कॉस्मस झिंडोगांना आता खुर्ची टाकून सगळं बघता येत होतं. झिंडोगांनी उभी हयात विमा विकला होता, आणि विमा विकणारा माणूस निवृत्त झाला तरी त्याचं तोंड निवृत्त होत नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी चहाचा कप उंचावून सांगितलं, "ग्वाटिरिंगा, हा सिंह कुत्र्यासारखा दिसतोय. आयाळ जरा खोल काढायला सांग."

ओनायस आत जेवत होते. नोमॅटरनं आयाळ खोल काढली. सिंहाचं डोकं टक्कन उडालं.

"हरकत नाही," झिंडोगा म्हणाले. "ससा मोठा कर. तसंही गोष्टीत सशालाच महत्त्व असतं."

ससा मोठा करायचा म्हणजे त्याच्याभोवतालचा दगड काढायचा. हे ओनायसांच्या हळूहळू ध्यानात आलं. चिकणमातीत चुकलं तर वर आणखी मातीचा गोळा लावता येतो, भाकरीचं पीठ सैल झालं तर वर पीठ घालता येतं; दगडात मात्र जो सल्ला येईल त्याला काही ना काही द्यावंच लागतं, परत काही येत नाही. सशाचे कान झिंडोगांच्याच सल्ल्यानं बारीक करताना गेले. मग त्याचं जे काही उरलं ते वानरात मिसळलं.

वानर मात्र झकास जमलं होतं. ओठ पुढं काढलेलं, डोळे मोठे केलेलं, 'तळाशी काही नाही हो' म्हणून शपथ घेणारं अगदी खोटारडं तोंड. ओनायस स्वतः दोन वेळा त्याच्यापुढं उभं राहून हसले. अडचण एवढीच होती की ग्वाटिरिंगांचं देवक वानर. माय फराय रोज नवऱ्याला चहा देताना 'घ्या, सोको' म्हणून वानराच्या नावानंच मान देते. आणि ओनायसांनी आपल्याच कुळाचा मूळपुरुष येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बूड करून, मूर्खाच्या अवतारात, ड्रेनेजच्या झाकणावर बसवला होता. आईची गोष्ट ऐकताना हे कधी खटकलं नव्हतं, कारण आई दुसऱ्या कुळातली. सासरच्या देवकाची तिनं दर हिवाळ्यात चुलीपाशी बसून मनसोक्त टिंगल केली होती हे ओनायसांच्या आता, साठीच्या घरात आल्यावर, लक्षात आलं.

मोठ्या काकांच्या कानावर ही बातमी कोणी घातली ते कळलं नाही, पण त्यांचा फोन आला.

"ओनायस, तुझ्या दारात माझे आजोबा बसलेत म्हणे?"

"काका, ते गोष्टीतलं..."

"बूड कुठल्या बाजूला आहे त्यांचं?"

ओनायसांनी खिडकीतून बाहेर डोकावून पाहिलं.

"संध्याकाळपर्यंत तिथून उठव त्यांना," काका म्हणाले आणि फोन ठेवला.

वानर गेलं. उरली राजकन्या आणि बेडकी. राजकन्येबद्दल समोरच्या बंगल्यातल्या माय टरिसायनं तक्रार केली. ती चर्चच्या महिला मंडळाची अध्यक्ष. दर गुरुवारी तिच्याकडे बायका प्रार्थनेला येतात आणि येता-जाता त्यांच्या नजरेला ही उघडी मुलगी पडते, हे काही बरं नाही.

"बाबा फराय, निदान एक ब्लाउज तरी घालायला सांगा हो तिला."

"अहो, दगडाला वरून ब्लाउज घालता येत नाही," ओनायस कळवळून म्हणाले.

पण ते दुकानात गेले असताना नोमॅटरनं अक्कल चालवली. ब्लाउज घालता येत नाही, तर आक्षेपार्ह भाग काढता येतो. त्यानं तो काढला. मग मुलगी फार किडकिडीत दिसायला लागली म्हणून खांदे काढले, मग मान पेलेना. आठवड्याच्या शेवटी ओनायसांच्या अंगणात चिरडलेल्या कोबीवर दगडाच्या चुऱ्याचा ढीग होता, आणि मधोमध, मोठ्या भोपळ्याएवढी, एकटी बेडकी. गाल फुगलेले, तोंड मिटलेलं. खरं सांगायचं तर सुरेख बेडकी होती. तिच्याबद्दल कोणीच सल्ला दिला नव्हता.

"तोंडाचं काय करायचं, बाबा?" नोमॅटरनं विचारलं.

"अजून नाही," ओनायस म्हणाले.

ह्याच सुमारास झिंडोगांच्या न्हाणीघरात ते सगळं वर आलं, जे ड्रेनेजमधून खाली जायला हवं होतं. मित्र म्हणून झिंडोगांनी ओनायसांना काही बोल लावला नाही. नागरिक म्हणून त्यांनी नगरपालिकेत तक्रार केली. एक निरीक्षक आला, झाकणावरच्या बेडकीला त्यानं प्रदक्षिणा घातली, आणि वही काढली.

"हे बांधकाम आहे, वाहन आहे की पाळीव जनावर?"

"ही बेडकी आहे."

"मग जनावर. परवाना?"

"दगडाची आहे हो!"

"मग बांधकाम. नकाशा मंजूर करून घेतलाय?" त्यानं मान वर केली, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. "ग्वाटिरिंगा साहेब ना? नोंदणी कार्यालयातले? मी घराच्या कागदांसाठी तुमच्या खिडकीपाशी यायचो. तुम्ही मला म्हणायचात, पुढच्या आठवड्यात या."

ओनायसांना तो आठवला नाही. त्यांनी इतक्या लोकांना पुढच्या आठवड्यात बोलावलं होतं.

"सोमवारी सकाळी सुनावणीला या," निरीक्षक प्रेमानं म्हणाला. "बेडकी तोवर हलवलेली असली तर बरं."

म्हणून शनिवारी निघायचं ठरलं. ऑगस्ट संपत आला, म्हणजे आपल्याकडचा हिवाळा सरत आला होता, जाकरंडाला कळ्या धरायला लागल्या होत्या. आणखी थांबलं तर गोष्टींचे दिवस संपले असते. झिंडोगांनी आपली पिकअप देऊ केली, अट एकच, चालवणार ते स्वतः. माय फरायनं बेडकीला ओरखडे पडू नयेत म्हणून आपलं जाड पांघरूण भोवती लपेटलं आणि दोरीनं घट्ट बांधलं. मग आपल्या माणसाला कोणी वाऱ्यात मागं बसवत नाही म्हणून बेडकीला ओनायस आणि झिंडोगा ह्या दोघांच्या मधल्या जागेवर निजवलं.

पहिल्याच नाक्यावर पोलिसांनी थांबवलं. शिपाई खिडकीतून वाकला, पांघरुणातला आकार बघितला, आणि त्याचा आवाज एकदम खाली आला.

"लहान आहे का?"

ओनायस खुलासा करायला तोंड उघडणार तोच झिंडोगांनी त्यांच्या गुडघ्यावर हात दाबला आणि हुंदका दिला. आयुष्यभर विमा विकल्यामुळे हुंदका त्यांच्या खिशातच असायचा. शिपायानं टोपी काढली. त्याच्या साहेबानंही काढली. मूर्तीच्या वाहतुकीचे कागद, पिकअपचा फुटका दिवा, झिंडोगांचं संपलेलं लायसन, कशाचीच चौकशी झाली नाही. पुढच्या नाक्यावरही तसंच झालं. ओनायसांना मात्र हे आवडलं नाही. नाका मागं पडल्यावर त्यांनी पांघरुणाची कड सोडून बेडकीचं तोंड उघडं केलं, वारा लागावा म्हणून.

त्यानंतर चाक पंक्चर झालं. सुटं चाकही पंक्चर होतं, ते झिंडोगांना माहीत होतं, पण त्यांनी विषय काढला नव्हता. ओनायस चाक गडगडवत वाटेतल्या एका गावापर्यंत गेले आणि गडगडवत आले. मग नदीच्या कोरड्या पात्रात पिकअप वाळूत रुतली. झिंडोगा स्टिअरिंग सोडायला तयार नव्हते, तेव्हा ढकलायला उरले ओनायस. बेडकी उतरवून पलीकडच्या काठावर न्यायची, गाडी हलकी करायची, ढकलायची, परत बेडकी चढवायची, असं करता करता त्यांच्या पाठीचा कणा आणि स्वाभिमान दोन्ही वाकले. गावात पोचले तेव्हा दिवस मावळत होता आणि उभ्यानंच त्यांच्या पापण्या मिटत होत्या.

आई स्वयंपाकाच्या झोपडीत चुलीपाशी बसली होती. ओनायसांनी बेडकी तिच्या पुढ्यात ठेवली, पांघरूण काढलं, आणि तिचे दोन्ही हात दगडावर नेऊन ठेवले. सगळं वाटेत सांडलं होतं. सिंह नव्हता, ससा नव्हता, राजकन्या नव्हती. आईला ह्यातून काय कळणार, असं वाटून त्यांचा जीव कानकोंडा झाला होता.

आईचे हात पाठीवरून गेले, फुगलेल्या गालांवर आले, तोंडाच्या मिटल्या रेघेवरून हळूहळू, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरले.

"अगं बाई," ती म्हणाली. "ही अजून इथंच बसलीय होय?"

आणि मग ती ओनायसांकडे वळून, अगदी स्पष्ट, म्हणाली, "ओनायस, तू केलीस ही?"

ओनायसांना त्या क्षणी सगळं भरून पावलं. भिंत, कोबी, काका, निरीक्षक, सगळं. त्यांनी मानेनं हो म्हटलं, आणि आईला दिसत नाही हे आठवून तोंडानंही म्हटलं.

मक्याच्या पिठाचा सादझा झाला, भाजी झाली. झिंडोगा जेवता जेवताच भिंतीला टेकून घोरायला लागले. बाहेर पूर्ण अंधार पडल्यावर आईनं चुलीत लाकूड सरकवलं.

"पाइवापो," ती म्हणाली. एके काळी असं होतं.

"झेपफुंदे," ओनायस म्हणाले.

आईला सकाळी काय खाल्लं ते आठवत नव्हतं, नवरा कधी गेला ते आठवत नव्हतं, पण गोष्टीत कुठं ती एका शब्दाला अडखळली नाही. डोहाचं गाणं तर तिनं अख्खं म्हटलं, मधल्या टाळ्यांसकट. सिंह नाक शिंकरत आला. झेपफुंदे. सशानं कान पिळले. झेपफुंदे. वानर आलं तेव्हा आई सासरच्या लोकांचा आवाज काढून अशी काही शपथ घेऊ लागली की ओनायस पोट धरून हसले. लाकडाचा ऊबदार धूर होता. त्यांचे पाय चुलीकडे होते, पांघरुणाला दगडाच्या भुकटीचा वास येत होता, आणि आईचा आवाज पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीच्याच जागेवरून येत होता. बेडकी उतरली. झेपफुंदे. पुष्कळ वेळ आली नाही. झेपफुंदे. मग आली, आणि मुलीच्या पुढ्यात...

कोंबडा आरवला.

ओनायस ताडकन उठून बसले. अंगावर पांघरूण नीट घातलेलं होतं. चुलीवर राख ओढलेली होती. आई दारात बसून उन्हाकडे तोंड करून महेऊ, मक्याची आंबील, पीत होती.

"झोपलास," ती म्हणाली. "नेहमीसारखा."

"अमाय, अगं मला उठवायचं नाही का?"

"झोपलेल्या पोराला गोष्टीसाठी कोणी उठवतं?"

"बरं, आता सांग. एवढं शेवटचंच. बेडकीच्या तोंडात काय होतं?"

"आता उजाडलं."

"एकच वाक्य, अमाय."

"मला शिंगं नकोत आणि तुलाही नकोत. शहरात टोपी कशी घालशील? आज राहा. रात्री सांगते."

ओनायसांनी झिंडोगांकडे बघितलं. झिंडोगांना रविवारी दुपारी बारशाला जायचं होतं आणि पिकअप त्यांची होती. सोमवारी सकाळी सुनावणी होती, आणि न गेलं तर दंड. ओनायसांनी आईच्या खांद्यावर हात ठेवला.

"अमाय, पुढच्या आठवड्यात येतो," ते म्हणाले. "बेडकी इथंच राहू दे."

"ये," आई म्हणाली. "साखर आण. ह्या वेळी विसरलास."

सोमवारी सुनावणी झाली नाही. निरीक्षकानं खिडकीतून हसून सांगितलं, "पुढच्या आठवड्यात या." पुढच्या आठवड्यात शहरात पेट्रोल नव्हतं. त्यापुढच्या शनिवारी माय फरायच्या भाचीचं लग्न, तिथं नवऱ्याशिवाय जाता येत नाही. मग काकांनी वानराच्या अपमानाबद्दल कुळाची बैठक बोलावली, तिला गैरहजर राहणं तर अशक्यच. प्रत्येक कारण खरं होतं. ओनायसांनी एकही खोटं सांगितलं नाही, आणि त्याचंच त्यांना नंतर फार वाईट वाटायचं. खोटं सांगितलं असतं तर निदान स्वतःला शिव्या तरी घालता आल्या असत्या.

मग त्या वर्षी पाऊस लवकर आला. पेरणी सुरू झाली की गोष्टी बंद होतात, सुगीपर्यंत. लोकांनी शेतात वाकावं, चुलीपाशी लोळू नये, म्हणून पूर्वजांनी घातलेला हा नियम आईनं कधी मोडला नव्हता. नाताळात ओनायस साखर घेऊन गेले. आईनं त्यांना फिबियन म्हटलं. पण चुलीजवळच्या बेडकीवर तिचा हात होता, आणि निघताना तिनं सांगितलं, "हिवाळ्यात ये. तुझं एक राहिलंय माझ्याकडे."

फेब्रुवारीत, ऐन पावसात, ती गेली.

मर्तिकाला सगळं गाव आलं. घराची साहविरा, म्हातारी केरेसिया, हीही आली. साहविरा असली की मयताच्या घरात रडण्याइतकंच हसावंही लागतं. गेलेल्या माणसाची थट्टा करण्याचा तिचा पिढीजात हक्क असतो आणि तो तिनं बजावला नाही तर मर्तिक अपुरं राहतं. केरेसिया आईचा रुमाल डोक्याला बांधून, आईची काठी घेऊन, आईसारखीच चाचपडत झोपडीतून बाहेर आली.

"पाइवापो!" ती आईच्या आवाजात ओरडली.

"झेपफुंदे!" मांडवातले सगळे म्हणाले.

"माझा एक मोठा पोरगा होता."

"झेपफुंदे!"

"सरकारी साहेब. त्यानं माझ्यासाठी डोंगर विकत घेतला आणि बेडूक आणून दिला."

लोक हसून हसून एकमेकांवर पडले. मग तिनं ओनायसांची नक्कल केली. चुलीपाशी पाय पसरून, पोट पुढं काढून, झेपफुंदे, झेपफुं, झे... आणि घोरली. झिंडोगा सर्वांत मोठ्यानं हसले. ओनायसही हसले, कारण हसायलाच हवं होतं, आणि हसता हसता त्यांना असा हुंदका फुटला की केरेसियानं काठी टाकली आणि त्यांच्याजवळ येऊन बसली.

"म्बुया केरेसिया," थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "तुम्हांला ठाऊक असेल. बेडकीच्या तोंडात काय होतं?"

"मला?" म्हातारी म्हणाली. "तुझी आई मला गोष्टी सांगायची होय? ती मला शिव्या द्यायची, मी तिला. गोष्टी तुमच्यासाठी होत्या बाबा. भावंडांना विचार, कोणीतरी जागं राहिलं असेल."

ओनायसांनी विचारलं. बहीण सिंहालाच झोपायची. फिबियन वानराची शपथ ऐकायला कसाबसा थांबायचा, त्यापुढं डोह होता हेही त्याला आठवत नव्हतं. गोष्टीत सगळ्यांत लांबवर पोचलेले ओनायसच होते.

नोमॅटरचा एकदा फोन आला. म्हणाला, "बाबा, माझं एक काम अर्धं राहिलंय. छिन्नी घेऊन येऊ का? तोंडाचं काय करायचं?" ओनायस म्हणाले, "राहू दे."

वर्ष उलटल्यावरच्या हिवाळ्यात आईच्या वर्षाच्या विधीसाठी सगळी मंडळी गावी जमली. मुलगा फरायही जोहान्सबर्गहून आला, बरोबर त्याची मुलगी रुवा. रुवा सात वर्षांची, शहरात वाढलेली, अंधाराची सवय नसलेली आणि म्हणूनच अंधारात टक्क जागी. जेवणं झाल्यावर तिनं चुलीजवळची बेडकी पाहिली, तिच्या गालांवर बोटं दाबली, आणि आजोबांना विचारलं, "ही अशी का बसलीय?"

ओनायसांनी तिला झेपफुंदे म्हणायला शिकवलं. मग त्यांनी चुलीत लाकूड सरकवलं आणि सुरुवात केली. डोहाचं गाणं त्यांना निम्मंच आलं. पण सिंहानं नाक शिंकरलं, सशानं कान पिळले, आणि वानराची शपथ त्यांनी आईसारखी घेतली तेव्हा बाहेर काका खाकरले. रुवाचा हुंकार प्रत्येक वाक्याला टणकन येत होता. बेडकी उतरली. पुष्कळ वेळ आली नाही. ओनायसांनी आवाज खाली आणला, वाक्यं लांबवली, थांबून थांबून सांगू लागले. रुवाचे डोळे जडावतील म्हणून ते वाट बघत होते.

"मग ती आली," ते म्हणाले, "आणि मुलीच्या पुढ्यात बसली. गाल फुगलेले, तोंड मिटलेलं."

"झेपफुंदे," रुवा म्हणाली.

ओनायसांनी निखारे हलवले.

"झेपफुंदे," ती पुन्हा म्हणाली, जरा मोठ्यानं, आजोबांना ऐकू गेलं नसेल म्हणून.

"तुला झोप नाही आली, रुवा?"

"नाही."

ओनायसांनी हात पुढं करून बेडकीच्या मिटल्या तोंडाची रेघ चाचपली, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"मला आली होती," ते म्हणाले.